काटा निळ्यात होता

तुमच्या हातातलं यंत्र एक सांगतंय आणि समोर उभा असलेला म्हातारा दुसरंच सांगतोय, तर तुम्ही कुणाचं ऐकाल? थांबा. लगेच 'म्हाताऱ्याचं' म्हणू नका. वाचताना सगळेच म्हातारे शहाणे वाटतात. भर उन्हात, भांडण पेटलेलं असताना, तोच म्हातारा हट्टी, लबाड आणि अडाणी दिसतो. मला दिसला होता. मी यंत्राचं ऐकलं, छाती पुढे काढून ऐकलं. त्यापायी एका माणसाच्या डाव्या कानातून रक्त आलं, आणि आज त्याच्याशी बोलायचं तर त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहावं लागतं.

वैशाख लागला आहे. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर दुपारी अनवाणी पाय ठेवला तर तळव्याची कातडी सिमेंट ओढून घेतं. रस्त्यावर रिक्षावाले ओला रुमाल तोंडाला गुंडाळून बसतात आणि दहा मिनिटांत तो रुमाल कडक होतो. खानदेशचं ऊन तापत नाही, ते मारतं. डोक्यात मारतं, डोळ्यांत मारतं, आणि माणसाला एवढं चिडवून ठेवतं की पाण्याचा तांब्या हातातून निसटला तरी भाऊ भावाच्या अंगावर जातो. महिन्याभरापूर्वी अशाच एका दुपारी गावातल्या शेतकरी गटाचा मेसेज आला. "ताई, गटासाठी ओलावा मीटर घ्यायचाय. हातात धरून शेतोशेत नेता येईल असा. कोणता घेऊ? आखाजीच्या आत सांगा."

मेसेज वाचला आणि केळीचं खोड कापल्याचा आवाज कानात घुसला. ज्याने तो ऐकला नाही त्याला कसा सांगू? लाकूड तुटल्यासारखा तो नसतो. भिजलेल्या गोधडीवर कुणी पात्याने वार करावा तसा असतो. मऊ. त्या मऊपणाचीच भीती वाटते.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. वडिलांचा जळगावात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील. मजुरीवर पत्रक, अंगात येणाऱ्या बाबावर पत्रक, खतातल्या भेसळीवर पत्रक. अक्षरओळख मला पाटीवर झाली नाही, ओल्या शाईच्या कागदांवर झाली. बोटं काळी व्हायची आणि आई ओरडायची. वडिलांचं एक वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रकाच्या तळाशी असायचं: 'मोजल्याशिवाय मानू नका.' इतर मुली देवाची गाणी म्हणायच्या, मी हे म्हणायचे. अजूनही ते वाक्य मला खोटं वाटत नाही. फक्त त्याला एक शेपूट जोडायला हवं होतं, ते ना वडिलांना सुचलं ना मला.

आमचं गाव जळगावहून धुळ्याकडे जाताना आत, गिरणेच्या बाजूला. तिथे आमच्या वाट्याची केळी वडिलांचे थोरले भाऊ, नाना, करतात. बांधाला लागून जिभाऊंची केळी. जिभाऊ म्हणजे नानांचे चुलतभाऊ, साठीच्या पुढचे, काटक, अंगावर मांस कमी आणि जीभ जास्त. दोघांत एक विहीर. त्या विहिरीचं पाणी कुणी किती दिवस घ्यायचं हे दरवर्षी आखाजीला ठरतं, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला. सकाळी घरात पितरांसाठी घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या. मग पुरुषांनी विहिरीवर जाऊन नारळ फोडायचा आणि पाळी लावायची. चार दिवस तुझे, चार दिवस माझे. आधी मेलेल्यांना पाणी, मग जित्यांना. आजोबांच्या आधीपासून असंच चालत आलं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात विहिरीनेच ते मोडलं. मोटर दीड तास चालली की पाण्याऐवजी फेस यायचा. चार दिवसांच्या पाळीत निम्मी बागही भिजेना. दोघांच्याही बागा निसवलेल्या, घड लटकलेले, भरायच्या ऐन दिवसांत. नाना म्हणायचे माझी जमीन जास्त तापली आहे, जिभाऊ म्हणायचे माझी. शेतात जमिनीला भेगा पडलेल्या, हाताचा पंजा आत जाईल एवढ्या. मी सुट्टीला म्हणून गेले होते. बांधावर उभी राहून दोघांचं तोंड ऐकलं आणि माझ्या आतलं पत्रक फडफडलं. भांडता कशाला? मोजा! ज्याची जमीन जास्त कोरडी, त्याला पाणी आधी. कुणाची जीभ मोठी, कुणाची काठी मोठी, यावर पाणी का ठरावं? अजून लिहिताना वाटतं, किती सुंदर कल्पना होती ती. सुंदर कल्पनेच्या हातात कोयता दिला की काय होतं ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जळगावात जाऊन मीटर घेतला. शेती अवजारांच्या दुकानात काउंटरवर तीन नमुने मांडले गेले. दुकानदार गडी मोठा बोलका.

"ताई, हे बघा. सगळ्यात जास्त हेच जातं. सेल नाही, बटण नाही. खुपसायचं, बघायचं, काढायचं."

दोन काड्या, एक पितळी, एक पांढऱ्या धातूची, वर एक तबकडी. लाल, हिरवा, निळा. लाल म्हणजे कोरडं, निळा म्हणजे ओलंचिंब.

"आणि हा आकडे दाखवणारा?"

"चांगला आहे, पण याला आधी तुमची माती शिकवावी लागते."

"माती शिकवायची?"

"म्हणजे सेटिंग. तुमच्या मातीत खरी ओल किती, त्याचा मेळ लावायचा. पुस्तक आहे आत. इंग्लिश." तो हसला. "कुणी उघडत नाही."

तिसरी एक लांब नळी होती, खाली पांढऱ्या मातीचं टोपण, आत पाणी भरायचं. ती एकदा गाडली की जागची हलत नाही, म्हणाला. मला तर या शेतातून त्या शेतात फिरायचं होतं.

मी पहिला घेतला. का घेतला, याचं खरं उत्तर देते. आकड्यांवर वाद घालता आला असता. पंचवीस म्हणजे कोरडं की सव्वीस? रंगावर वाद घालता येत नाही. लाल म्हणजे लाल. मला ओल मोजायची नव्हती, तोंडं बंद करायची होती. मी मापक विकत घेतला नाही, हत्यार विकत घेतलं.

पिशवीत भरता भरता दुकानदाराने विचारलं, "जमीन खारवट वगैरे नाही ना?"

"काळी आहे," मी म्हटलं.

आमची काळी होती. नानांची. जिभाऊंचं शेत नाल्याच्या अंगाला, उताराला. उन्हाळ्यात त्याच्यावर पांढरी बुरशी चढावी तसं मीठ फुटतं. आख्खं गाव त्या शेताला 'खारं' म्हणतं. मी लहानपणापासून म्हणत आले. न्यायाचं यंत्र आणायला निघालेली मी, दुकानात उभी राहून फक्त आपल्या बाजूच्या मातीचा विचार करून उत्तर देऊन मोकळी झाले. जगातले सगळे अन्याय वाईट माणसं करतात असं मी तोवर समजत होते.

आखाजीचा दिवस. निंबाच्या फांद्यांना झोके, माहेरी आलेल्या पोरी, खापरावर भाजल्या जाणाऱ्या पुरणपोळ्यांचा वास. आमच्या गावात त्या दिवशी आणखी एक गोष्ट होते. नाल्याच्या दोन्ही काठांवर दोन गावांच्या बायका उभ्या राहतात, एकमेकींना शिव्या देतात आणि ढेकळं मारतात. वर्षातून एक दिवस, कुणी रागवायचं नाही.

"तुमना गावना कोंबडाबी दुपारले बांग देस!" इकडून.

"आम्हना गावमा कोंबडा तरी शे! तुमना गावमा मानसंच कोंबड्या शेतस!" तिकडून.

आणि हशा, आणि ढेकूळ. एक माझ्या पाठीत बसलं. वाळलेलं काळं ढेकूळ दगडापेक्षा कमी नसतं. त्या वेळी हसले. आता वाटतं, त्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. माणसांत राग साठतो हे त्यांनी मान्य केलं आहे, त्याला दिवस ठरवून दिला आहे, काठ ठरवून दिले आहेत. मी मात्र रागाला वर्षभराची नोकरी लावून द्यायला विहिरीवर चालले होते.

विहिरीवर नारळ फुटला. मी मीटर दाखवला, योजना सांगितली. दर तिसऱ्या दिवशी दोन्ही शेतांत तीन-तीन ठिकाणी मोजायचं. ज्याचं लाल, त्याची मोटर.

जिभाऊंनी मीटरकडे बघितलंच नाही. स्वतःच्या बागेत गेले, एका खोडाजवळ वीतभर उकरलं, आतली माती मुठीत घेऊन दाबली आणि मूठ माझ्या नाकासमोर उघडली. माती भुरभुर गळाली.

"दख. गोळा व्हस का? नही व्हस. मंग वल कोठे शे?"

नाना पुढे झाले. "जिभाऊ, मूठ तुनी, जमीन तुनी, न्यायबी तुनाच का? पोर शिकेल शे. मीटर सांगी तेच."

"मीटरना बाप कोन?" जिभाऊ.

"विज्ञान," मी म्हटलं. खरंच म्हटलं. आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

"मंग त्याले सांग, एक दिवस मना बागमा उन्हामा उभा ऱ्हाय."

सगळे हसले. मीही. आणि हसत हसत काड्या त्यांच्या जमिनीत खुपसल्या. काटा सरसर गेला आणि निळ्याला जाऊन टेकला. तीन ठिकाणी, तिन्ही वेळा. नानांच्या काळ्या भेगाळलेल्या जमिनीत तो लालमध्येच पडून राहिला. आपल्या डोळ्यांसमोर एक म्हातारा खोटा ठरतो आहे हे बघताना मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणतात. लपवत नाही.

"सकाळी चोरून मोटर चालवलीत का जिभाऊ?" मी विचारलं. चारचौघांत.

जिभाऊंनी हातातली उरलेली माती झटकली आणि गेले.

मग दिवस सुरू झाले. तिसरा, सहावा, नववा. दर वेळी काटा त्यांच्याकडे निळा, आमच्याकडे लाल. दर वेळी पाणी आमच्याकडे. बांधाच्या अलीकडे पानं सरळ, पलीकडे पानं देठापासून मोडून खोडाला लोंबलेली, मेलेल्या कोंबडीच्या पंखांसारखी. खोडं मधोमध मुरगळली. घडाच्या वजनाने एकेक झाड कडाकदिशी कोसळायचं आणि तो आवाज आमच्या शेडमध्ये ऐकू यायचा. हे सगळं मला दिसत होतं! झाड मरताना दिसत होतं आणि वहीत मी लिहीत होते: ओलं. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे मी एवढं मनावर घेतलं होतं की समोर पडलेलं प्रेतसुद्धा काट्याला विचारून मेलेलं ठरवणार होते. वच्छाकाकू, जिभाऊंची बायको, डोक्यावरून हंडे आणून एकेका बुडाशी ओतत होती. एकदा बांधावरून मला म्हणाली, "माय, तुना मीटर पाणी पेस का?" मीटर पाणी पितो का. मी हसले, विनोद समजले.

बाराव्या दिवशी, दुपारी, लाइट आल्यावर नानांनी मोटर चालू केली. मी शेडमध्ये आकडे उतरवत होते, तेव्हा तो मऊ आवाज आला. एक. दोन. मग लागोपाठ. मीटर हातात तसाच घेऊन बाहेर येते तर जिभाऊ आमच्या बागेत, हातात कोयता. एका वारात खोड, दुसऱ्या वारात पुढचं. खोडातलं पाणी फवाऱ्यासारखं उडत होतं, त्यांच्या तोंडावर, छातीवर, पांढऱ्या बंडीवर. बारा दिवसांचं ते पाणी. ज्या पाण्यासाठी ते तडफडले ते आमच्या झाडांच्या पोटातून बाहेर काढत होते. घड खाली आदळत होते, हिरव्या फण्या फुटून चीक वाहत होता.

"मना घड गयात ना! आते तुना बी जातीन! लिखी ले तुना वहीमा!"

नाना धावले. हातात फावडं होतं. फावड्याची सपाट बाजू जिभाऊंच्या डाव्या कानावर बसली. तो आवाज मऊ नव्हता. घंटेसारखा वाजला. जिभाऊ पडले नाहीत, खाली बसले, जेवायला बसतात तसे. कोयता मांडीवर. कानातून रक्ताची बारीक धार आली आणि मानेवरून बंडीत शिरली. नानांनी दुसऱ्यांदा फावडं उचललं. मी मधे पडले म्हणून थांबलं की त्यांनाच भान आलं, मला माहीत नाही. मी मधे पडले, एवढं आठवतं. किंचाळले. त्या किंचाळण्यात शास्त्र, समता, पत्रक, काहीही नव्हतं.

वच्छाकाकू आली. तिने आधी नवऱ्याच्या कानात पदर कोंबला. मग उठली, माझ्या हातातला मीटर हिसकावला आणि जिथे रक्त आणि चीक सांडून माती काळी झाली होती तिथे काड्या खुपसल्या. काटा निळ्यात गेला.

"दख! आठेबी वल शे! लिखी ले!"

इथेही ओल आहे, लिहून घे. मी हजार पत्रकं वाचली आहेत. एवढं खरं वाक्य एकातही नाही.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. नाना कोपऱ्यात उभे, ओठ पांढरे पडलेले. जिभाऊंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. "विहीरनी पायरीवरथीन पडनू," म्हणाले. भाऊबंदकी अशीच असते. जीव घ्यायला उठेल, पोलिसाच्या हाती देणार नाही. आणि मी, खोट्याविरुद्ध छापलेल्या कागदांत गुंडाळून वाढवलेली मी, त्या खोट्याच्या शेजारी गप्प उभी राहिले. नंतर नाना मला म्हणाले, "जे व्हयनं ते व्हयनं. आते उकरू नको." मी उकरलं नाही. निदान गावात तरी नाही.

पण मीटर पिशवीत घेऊन फिरत होते. पंधरा दिवसांनी जिभाऊंच्या ड्रेसिंगला धुळ्याला गेलो, तेव्हा मी माती तपासणाऱ्या एका मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काचेचा पेला घेतला, नळाचं पाणी भरलं, काड्या बुडवल्या. काटा मधे, हिरव्यात. मग डब्यातलं चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं. काटा निळ्याच्या टोकाला.

"पाणी वाढलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काय वाढलं? हा ओल मोजत नाही. दोन धातूंच्या काड्यांमुळे थोडी वीज तयार होते, ती मातीतून किती सहज पळते ते मोजतो. मीठ असलं की ती जास्त पळते. आणि तुमच्या नानांच्या भेगाळ जमिनीत पाणी दिल्यावरही काडीभोवती फट राहून माती नीट लागत नसेल, तर तो मुळात कोरडंच म्हणणार."

"म्हणजे दोन्हीकडे खोटं?"

"खोटं नाही. तुम्ही त्याला जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर तो देत होता."

त्यांनीच सांगितलं, मीटर कोणताही घ्या, महाग घ्या, स्वस्त घ्या, आधी त्याची साक्ष काढा. मुळाच्या खोलीवरची माती डबीत घ्या, वजन करा. तव्यावर मंद आचेवर पूर्ण वाळवा, पुन्हा वजन करा. जे कमी झालं ते पाणी. मीटर त्याच्याशी जुळतो का बघा, आणि प्रत्येक शेतात वेगळं बघा. एका शेताचा मेळ दुसऱ्या शेताला लावू नका. दुकानातल्या त्या आकडेवाल्या मीटरच्या पुस्तकात हेच असणार, इंग्लिशमध्ये, कुणी न उघडलेल्या. वडिलांच्या वाक्याला हवं होतं ते शेपूट हेच: मापालाही मोजल्याशिवाय मानू नका.

मी ते करून बघितलं. घरी बारीक वजनाचा काटा नाही, म्हणून दोन्ही शेतांतली माती घेऊन जळगावात ओळखीच्या एका सराफाच्या पेढीवर गेले. सोन्याच्या काट्यावर माती ठेवलेली बघून तो म्हणाला, "ताई, घट किती धरायची?" गिऱ्हाइकं हसली. दोन्ही डब्या आईच्या तव्यावर भाजल्या, पुन्हा नेल्या. जिभाऊंच्या मातीतून जे उडालं ते नानांच्या मातीपेक्षा निम्म्याहून कमी होतं. खारं कोरडं होतं. पहिल्या दिवसापासून कोरडं असणार, त्या मुठीत दिसलं होतं तेवढं. पेढीबाहेर रस्त्यावर सोन्याच्या दुकानांच्या काचा उन्हात पेटल्यासारख्या चमकत होत्या, आणि मी दोन्ही डब्या पिशवीत टाकून घरी गेले. 

त्यानंतर दोन वर्षं मी काय केलं? पत्रकं काढली. दुसऱ्यांच्या खोट्यावर. बनावट बियाण्यावर एक, नाल्यात सोडलेल्या घाण पाण्यावर एक. लोक म्हणाले, जळजळीत लिहितेस. जळजळीत! स्वतःच्या घराला आग लागली असताना शेजारच्या गावात बंब घेऊन जाणाऱ्याला काय म्हणतात, याचा शब्द मी शोधते आहे. आकडा कुठल्या तरी हातात असतो, आणि तो हात कुणाच्या तरी बाजूला उभा असतो, हे वाक्य मी दुसऱ्यांबद्दल दहा वेळा छापलं आहे. तो हात माझाच होता हे एकदाही नाही.

म्हणून गटाचा तो मेसेज आला तेव्हा उत्तर न देता गावाला गेले. जिभाऊ खाऱ्यात बसून उंदरांनी कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या जोडत होते. केळी त्यांनी पुन्हा लावली आहे, निम्म्या जागेत. मी समोर बसले.

"जिभाऊ, मीटर चुकीचा होता. तुमची जमीन कोरडी होती. मी तुम्हाला चोर म्हटलं."

त्यांनी मान वर केली नाही. "कोनता कानमा सांगस?"

मी उठून उजवीकडे गेले. पुन्हा सगळं सांगितलं. पेला, मीठ, सराफाचा काटा. 

"आते ऐकू उनं," ते म्हणाले. नळी दातांनी ओढून घट्ट केली. "माले ठावकी व्हतं. तू कव्हय सांगशी, एवढंच दखी राह्यंतू."

"दोन वर्षं?"

"मंग! केळी मरनी ते पुन्हा लावता येस. चोर म्हना ना मानूसले, ते बठ्ठा गावमा उगस." नळी खाली ठेवली. "माले एकलाले सांगीसन काय फायदा? विहीरवर सांग. आखाजीले. बठ्ठा ऱ्हातीन तव्हय."

सगळे असतील तेव्हा सांग, एवढंच त्यांना हवं होतं. नुकसानीबद्दल, कानाबद्दल एक अक्षर नाही. गावात दोन वर्षं ते चोरून मोटर चालवणारे जिभाऊ होते. पारावर कुणी थट्टेने 'काटा निळा का?' विचारायचं आणि ऐकू न आल्यासारखं करून ते निघून जायचे. त्यांना चांगल्या कानानेही ऐकू येत नाही असं लोक समजत होते.

मागच्या आठवड्यात आखाजी झाली. नारळ फुटला. गटातली वीस-बावीस माणसं विहिरीवर होती, नव्या मीटरची चौकशी करत. मी वच्छाकाकूकडून पेलाभर पाणी आणि मीठ मागून घेतलं आणि जुना मीटर पिशवीतून काढला. मीठ पडताच काटा निळ्याच्या टोकाला गेला. मग मी सांगितलं. जिभाऊंनी पाणी चोरलं नव्हतं, मी खोटा आळ घेतला, आणि ते पायरीवरून पडले नव्हते.

शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत नानांनी माझा दंड धरला. पिरगाळला. पेला दगडावर फुटला. "तुना बापना छापखाना आठे नको चालाडू!" दंडावर चार बोटांचे वळ हे लिहिताना अजून आहेत. पुढे काय झालं असतं माहीत नाही. जिभाऊ उठून मधे आले, रिकाम्या हातांनी.

"सोड तिले. मना कान तुले माफ. पोरले हात लावू नको."

नाना सुटले, म्हणजे त्यांचा हात सुटला. विहिरीच्या काठावर बसले आणि आत बघत राहिले. माफी मागितली नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेले नाहीत. पण पाळी लावताना पहिले आठ दिवस जिभाऊंचे असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा नानांनी होकाराची मान डोलावली. गटाने एकच मीटर घ्यायचं ठरवलं, मेळ लावता येणारा. प्रत्येक शेतात आधी माती भाजून त्याची साक्ष काढायची, आणि मोजताना मीटर त्या शेताच्या मालकाच्या हातात द्यायचा. हे शेवटचं वच्छाकाकूने सुचवलं. कुणी हसलं नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, गटात, सोसायटीच्या कपाटात असा दोन काड्यांचा मीटर पडलेला असेल, तर तो आज बाहेर काढा. पेलाभर पाण्यात बुडवा, चिमूटभर मीठ टाका, काट्याकडे बघा. काटा हलला तर हा मीटर कुणाकुणाच्या शेतात खुपसला होता ते आठवा, आणि ज्याचं पाणी या मीटरच्या शब्दावर तोडलं गेलं त्याच्या गावाला जा. त्याला एकट्याला गाठून बोलू नका. माणसं जमू द्या. मग त्याचं नाव घ्या, आपलं नाव घ्या, आणि मोठ्याने सांगा.